खिडकी आधी, टीव्ही नंतर

2011 च्या एप्रिलमध्ये कंपनीने मला चाकणहून वुल्व्हरहॅम्प्टनला पाठवलं. दोन वर्षांसाठी म्हणून आले होते, अजून इथेच आहे. पहिल्या आठवड्यातल्या सोमवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास वरणाला फोडणी देत होते, तेव्हा खिडकीतून एक आवाज आला. वखारीत चार करवती एकदम सुरू कराव्यात तसा. मिनिटभर टिकला आणि बंद पडला. तीन-चार मिनिटं शांतता, मग पुन्हा मिनिटभर. इंजिन आहे हे कळत होतं, सिंगल सिलिंडर आहे हेही कळत होतं. माझं पोटच त्यावर चालतं. पण आपल्याकडे पाचशे सीसीचं सिंगल सिलिंडर म्हणजे बुलेट आणि तिचं ते सावकाश धकधकणं. हे किंचाळत होतं.

दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना शेजारच्यांना विचारलं. साठी उलटलेले गृहस्थ. विलनहॉलला कुलपांच्या कारखान्यात उभं आयुष्य गेलेलं, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारते, इथली रीत तशीच आहे. पण आईशी फोनवर बोलताना ते ‘शेजारचे आजोबा’ झाले ते झालेच, तेव्हा इथेही तेच म्हणते. ते मला ‘बॅब’ म्हणतात. इथे बसमधली अनोळखी बाईही म्हणते, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. आवाजाबद्दल विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी ‘गणपतीत एवढे ढोल कशाला वाजतात’ असं पुण्यात उभं राहून विचारलंय. ‘स्पीडवे,’ म्हणाले. ‘मॉन्मोर ग्रीन. दर सोमवारी. 1928 पासून.’

त्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, मैदानात जायला बंदी होती. आणि थोड्याच आठवड्यांत घरच्या मैदानावरचा एक सामना स्काय स्पोर्ट्सवर थेट दाखवणार होते. ‘ये बघायला,’ म्हणाले. मी चकल्यांचा डबा घेऊन गेले.

त्या संध्याकाळी मजा झाली ती अशी. मैदान घरापासून अर्ध्या मैलावर. उकडत होतं म्हणून आजोबांनी खिडकी उघडी ठेवली होती. टीव्हीवर चारही गाड्या सुरुवातीच्या फितीपाशी गुरगुरत उभ्या, फीत अजून वर गेलेली नाही, आणि खिडकीतून शर्यत सुरू झाल्याचा आवाज आला. चार-पाच सेकंदांनी टीव्हीवरची फीत वर गेली. आवाजाला अर्धा मैल यायला अडीचेक सेकंद लागत असतील. चित्राला कॅमेऱ्यापासून उपग्रहापर्यंत आणि तिथून आजोबांच्या छपरावरच्या थाळीपर्यंत यायला त्याहून जास्त. आजोबांना ते सवयीचं होतं. खिडकीतला आवाज मध्येच तुटला तर ते टीव्हीकडे बोट करून म्हणायचे, ‘आता कोणीतरी पडणार,’ आणि दोन वळणांनंतर कोणीतरी पडायचं.

स्पीडवे म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं. चार स्वार, चार फेऱ्या, लंबगोल ट्रॅक, सगळी वळणं डावीकडे. ट्रॅकवर शेलचा चुरा पसरलेला असतो, आपल्या मुरमासारखा. गाडी पाचशे सीसीची, मेथनॉलवर चालणारी, एकच गिअर आणि ब्रेक नाही. ब्रेक नाही हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली होती. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, डावा पाय लोखंडी तळ लावून जमिनीवर टेकवायचा आणि पुढचं चाक उजवीकडे फिरवून डावीकडे वळायचं. वेग कमी होतो तो मागचं चाक आडवं घासल्यामुळे. तेच चाक गाडीला पुढेही ढकलत असतं. घर्षणाचा इतका चोख उपयोग मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. यजमान संघाचे दोघे लाल आणि निळ्या हेल्मेटात, पाहुणे पांढऱ्या आणि पिवळ्या. अशा पंधरा शर्यती मिळून एक सामना.

आता हिशोब करा. एक शर्यत साधारण मिनिटभराची, म्हणजे सबंध सामन्यात खरं धावणं पंधरा मिनिटांचं. टीव्हीवरचा कार्यक्रम दोन तासांचा. उरलेल्या वेळात ट्रॅक्टर ट्रॅक सारखा करतो, पाण्याचा टँकर फिरतो, स्वार गॉगल पुसतात. हा सगळा वेळ कोणीतरी बोलून भरायचा असतो आणि तो भरणारे तेव्हा नायजेल पिअर्सन आणि केल्विन टेटम होते. पिअर्सन शर्यत सांगायचे. मिनिटभरात चार माणसं सोळा वळणं घेणार, त्यात पूर्ण वाक्याला जागा नाही. नुसती नावं, वर-खाली होणाऱ्या सुरात. टेटम स्वतः स्वार, लाँगट्रॅकचे तीन वेळचे विश्वविजेते. शर्यत संपली की ते बोलायचे. आतल्या बाजूची माती सुकलीय म्हणून पकड नाही, बाहेर कठड्यापाशी ओल आहे, म्हणून पुढच्या शर्यतीत हा बाहेरून जाईल बघा. आणि तो जायचा. मला हा खेळ शिकवला तो टेटमनी आणि आजोबांनी मिळून. दोघांचं जमायचं नाही तेव्हा आजोबा टीव्हीला दोन शब्द सुनवायचे.

या खोलीत मला इतक्या लवकर घरच्यासारखं का वाटलं, ते ध्यानात यायला वेळ लागला. मिरजेला आमचे बाबा कसोटी सामना बघताना टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावायचे. मुंबई-पुण्याचा सामना असेल तर मराठी समालोचन असायचं. बाळ ज. पंडितांचा आवाज त्यांना इतका पाठ होता, की नुसत्या सुरावरून विकेट पडली की चौकार गेला हे ते आतल्या खोलीतून ओळखायचे. ‘चित्र कोणीही दाखवेल,’ म्हणायचे, ‘सांगणारा पाहिजे.’ आईला हा टीव्हीवर खर्च केलेल्या पैशांचा अपमान वाटे.

2013 च्या ऑक्टोबरमध्ये टाय वॉफिंडन विश्वविजेता झाला. तेवीस वर्षांचा, आमच्या वुल्व्ह्जकडून खेळणारा, गळपट्टीचं हाड मोडलेलं असताना. मार्क लोरमनंतर, म्हणजे 2000 नंतर, पहिला ब्रिटिश. टोरूनच्या त्या रात्री आजोबा रडले आणि मग जाऊन चहा करून आले. पण त्याच सुमारास एक गोष्ट दिसायला लागली होती. चांगले स्वार पोलंडकडे चालले होते. स्पीडवेचा स्वार हा पगारी नोकर नसतो. इंजिनं त्याची, मेकॅनिक त्याचा, मोटारव्हॅन त्याची. मिळणारे पैसे बहुतांशी गुणांवर. एका आठवड्यात इंग्लंड, पोलंड, स्वीडन अशा तीन लीगमध्ये तो धावतो. त्यात पोलंडमध्ये गुणाला जे मिळतं ते इथे कोणी देऊ शकत नाही, कारण तिथे मैदानं भरतात आणि टीव्हीचे पैसेही मोठे आहेत. कंपनीतला माझा एक सहकारी मूळचा लेश्नोचा. त्यांच्याकडे या खेळाला ‘झुझेल’ म्हणतात, म्हणजे कोळसा जळून उरलेली खडी. पूर्वी ट्रॅक तिचेच असत. त्याच्या गावात म्हणे सासरे जावयाला आधी संघ विचारतात.

इथे मात्र प्रक्षेपणाचे हक्क या वाहिनीकडून त्या वाहिनीकडे फिरत राहिले. दर दोन-तीन वर्षांनी आजोबांना नवीन पॅकेज, नवीन रिमोट, नवीन पासवर्ड. पासवर्ड मीच घालून द्यायचे. पुढे टीव्ही मागे पडून स्ट्रीमिंग आलं, तेव्हा मी माझ्या नावावर वर्गणी घेतली आणि म्हटलं, माझ्यावरच बघा. त्यांनी ऐकलं नाही. मार्मलेडची एक रिकामी बाटली फडताळावर ठेवली आणि दर महिन्याला त्यात निम्मे पैसे नाण्यांत टाकायला लागले. मी ती नाणी घेत नव्हते, ते टाकायचं थांबत नव्हते.

स्ट्रीमिंगचे दोन प्रकार असतात, निदान या खेळात. एक विश्वविजेतेपदाच्या ग्रां प्रीचं: दहा-बारा कॅमेरे, हेल्मेटवरचा कॅमेरा, संथ गतीतली माती. दुसरं लीगच्या सामन्यांचं: मोजके कॅमेरे, त्यातला एखादा खांबाआड, आणि मैदानातलाच कोणीतरी माइक हातात घेऊन बोलणारा. या दुसऱ्या प्रकाराला मी बरेचदा हसले आहे. एकदा बोलणाऱ्याने शर्यतभर ‘लाल पुढे, लाल पुढे’ म्हटलं आणि शेवटी लाल हेल्मेटवाला मागच्याच वळणावर बाद झाल्याचं त्याला कोणीतरी सांगितलं. पण या दुसऱ्या प्रकारातले पैसे थोडे तरी क्लबपर्यंत जातात, असं मी मनाशी धरून होते. आणि इथेच माझी टोचणी आहे.

2019-20 पासून आजोबांची दृष्टी जायला लागली. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजतो तो आजार. कडेचं दिसतं, मधलं जातं. समोरच्या माणसाचा चेहराच नेमका पुसलेला. टीव्ही बघायचा तर ते तोंड भिंतीकडे करून बसायचे, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यात रंग हलताना दिसायचे. नवख्या माणसाला वाटेल, रुसून बसलेत. चौघांतला कोण कुठे आहे ते मात्र कळायचं नाही. मग पडद्यावरच्या समालोचनावर माझं समालोचन सुरू झालं. पहिल्या दिवशी मी चांगली वाक्यं करायला गेले आणि ‘निळ्याने दुसऱ्या वळणावर आतल्या बाजूने’ एवढं म्हणेपर्यंत निळा तिसऱ्यावरून चौथ्यावर गेला होता. पिअर्सन नुसती नावं का घेतात ते त्या दिवशी समजलं. मीही नुसते रंग म्हणायला लागले. आणि चुरस वाढली की जीभ आपोआप मराठीवर यायची: ‘आतून! आतून गेला! नाही, बाहेरून!’ आजोबांनी हे दोन शब्द शिकून घेतले. ‘आटून’ आणि ‘बाहेरून’. दुसरा त्यांना माझ्यापेक्षा बरा म्हणता येतो, असा त्यांचा दावा आहे.

तर टोचणी ही. सोमवारी मैदान अर्ध्या मैलावर असताना आम्ही घरी बसायला लागलो. पावसाची भुरभुर आहे, पायऱ्या ओल्या असतील, त्यांना दिसणार नाही, मी कामावरून दमून आलेय, अशी कारणं मला सहज सुचायची. लॅपटॉपवर सामना असला की प्रश्नच मिटला. तिकीट माणशी वीसेक पौंड. वर्गणी सात पौंडांच्या आत, आणि त्यात दोघं. चाकणच्या माणसाला हा हिशोब बोटांवर येतो. खिडकीतून आवाज यायचा आणि अर्ध्या मिनिटाने तोच आवाज लॅपटॉपमधून यायचा. स्ट्रीमिंगची दिरंगाई उपग्रहापेक्षा फार जास्त असते. मला तेव्हाही ते गमतीचंच वाटत होतं. दारावरून हाक मारणाऱ्याला ‘थांबा, फोटो येऊ दे’ म्हणण्यासारखं होतं ते, हे आत्ता लिहिताना वाटतंय.

2023 मध्ये बातमी आली, की मैदानाचे मालक वुल्व्ह्जचा भाडेकरार पुढे वाढवणार नाहीत. मोसम संपला की स्पीडवे बंद. आमच्या दोन तिकिटांनी काही वाचलं असतं असं नाही. निर्णय जागेच्या मालकाचा होता, आणि इंग्लंडात गेल्या काही वर्षांत मैदानं अशीच गेली आहेत. कॉव्हेंट्री गेलं, स्विंडन गेलं, पीटरबरोचा तर आमच्याच सोबत तोच मोसम शेवटचा. हे सगळं मी स्वतःला सांगून झालं आहे.

शेवटच्या सामन्याला गेलो. रांग रस्त्यापर्यंत. इतकी माणसं या गावात अजून स्पीडवेची आहेत हे बघून आजोबा चिडले. ‘इतके दिवस कुठे होते हे?’ मी गप्प बसले, कारण मी कुठे होते हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या वळणाच्या कठड्यापाशी उभे राहिलो, ते पोराटोरांपासून उभे राहत आलेली जागा. मेथनॉलचा गोडसर आणि एरंडेलाच्या ऑइलचा जळका असा एकत्र वास. फीत वर गेली की चार गाड्या आपल्याच अंगावर येतात असं वाटतं आणि त्या वळल्या की मुरमाचा शिडकावा चेहऱ्यावर बसतो. टीव्हीवर यातलं काही येत नाही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते, ‘लाल, पांढरा, निळा, आतून, निळा, निळा!’ पुढचा एक माणूस वळून बघायला लागला. तिसऱ्या-चौथ्या शर्यतीनंतर आजोबांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘इथे नको सांगूस. इथे ऐकू येतंय.’

मी गप्प झाले. ते ट्रॅककडे पाठ करून, पिटच्या दिशेला तोंड वळवून उभे होते, म्हणजे डोळ्याच्या कडेला त्यांना पहिलं वळण मिळत होतं. मध्येच म्हणाले, याच जागेवरून त्यांनी ओले ओल्सनला पाहिलं होतं. डॅनिश माणूस, वुल्व्ह्जचा. 1971 साली आमचा असतानाच तो पहिल्यांदा विश्वविजेता झाला. नंतर सॅम एर्मोलेन्को, 1993. मग टाय. तीन नावं त्यांनी बोटांवर मोजली आणि हात खिशात घातला.

2024 च्या एप्रिलमधला पहिला सोमवार मला बरा आठवतो. साडेसातला आम्ही दोघंही आपापल्या घरात होतो. काहीच ऐकू आलं नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनी मला.

उरली ग्रां प्री. तीही 2025 च्या फेब्रुवारीअखेर महागली. जी वाहिनी आम्ही स्ट्रीमिंगवर बघायचो ती ब्रिटनमध्ये बंद होऊन दुसऱ्या मोठ्या पॅकेजात गेली आणि महिन्याचे 6.99 पौंड 30.99 झाले. त्यात फुटबॉल होतं, रग्बी होतं, आणखी बरंच होतं. म्हणजे मटार हवेत तर अख्खी मंडई विकत घ्या. सायकलशर्यती बघणाऱ्यांनी वर्तमानपत्रांतून बराच आरडाओरडा केला. स्पीडवेवाल्यांचा आवाज तेवढा पोचत नाही. आम्ही थोडे आहोत आणि बरेचसे आजोबांच्या वयाचे. मी आजोबांना आकडा सांगितला तेव्हा त्यांनी मार्मलेडची बाटली हातात घेऊन हलवून बघितली. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला पंधरा पौंड महिना ही थट्टेची गोष्ट नाही. ‘हे पैसे ट्रॅकवर जातात का?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडे जात असतील. ‘थोडे म्हणजे किती?’ कुलपं करणारा माणूस, त्याला मिलिमीटरमध्ये उत्तर हवं असतं.

लेश्नोच्या सहकाऱ्याने एक फुकटची लिंक पाठवली होती. ती मी उघडली, हे कबूल करते. पोलिश समालोचन होतं, दर दोन मिनिटांनी जुगाराची जाहिरात चित्रावर येत होती. आजोबांनी पाच मिनिटं ऐकलं. ‘प्रोशे पाइन्स्त्वा’ हे शब्द पुन्हापुन्हा येत होते, म्हणजे मायबाप श्रोतेहो, असं काहीसं. मग म्हणाले, बंद कर, मी आयुष्यात तिकिटाशिवाय आत गेलो नाही. हे खरं नाही. आठव्या वर्षी भावाबरोबर कुंपणाखालून गेल्याची गोष्ट त्यांनीच मला चारदा सांगितली आहे. पण मी बंद केलं. शेवटी असं ठरलं, की सगळं वर्ष घ्यायचं नाही. जूनमध्ये मँचेस्टरला लागोपाठ दोन रात्री होत्या, तेव्हा एक महिना, आणि सप्टेंबरात शेवटची फेरी, तेव्हा एक. मधल्या महिन्यांत मी त्यांना दुसऱ्या दिवशी निकाल वाचून दाखवायचे. त्यात मात्र काही राम नव्हता. निकाल वाचला की ते ‘अच्छा’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचे आणि विषय संपायचा.

सप्टेंबरातली फेरी डेन्मार्कमधल्या व्होयेन्सला होती. ते मैदान ओले ओल्सननेच उभारलेलं, म्हणून आजोबांनी शर्ट बदलला होता. पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक आणि ऑस्ट्रेलियाचा ब्रेडी कर्ट्झ अशी लढत. झ्मार्झलिक पाच वेळचा विजेता. सहावं मिळालं तर इव्हान मॉगर आणि टोनी रिकार्डसन यांच्या रांगेत. कर्ट्झ ओळीने ग्रां प्री जिंकत आला होता आणि फरक इतका कमी होता, की शेवटच्या शर्यतीपर्यंत काहीही होऊ शकत होतं. आजोबा भिंतीकडे तोंड करून बसले. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले आणि रंग सांगायला लागले.

अंतिम शर्यतीच्या वेळी माझा फोन थरथरला. सहकारी पोलिश वाहिनीवर बघत होता आणि त्याचं प्रक्षेपण आमच्यापेक्षा अर्धा-पाऊण मिनिट पुढे होतं. पडद्यावर चौघं अजून फितीपाशी उभे होते. मी वाचायला नको होतं. वाचलं. झ्मार्झलिक, एका गुणाने.

फीत वर गेली. मी रंग सांगत होते, सगळे बरोबर सांगत होते, आतून, बाहेरून, सगळं. शर्यत संपली तेव्हा आजोबांनी मान वळवली, म्हणजे माझा चेहरा त्यांच्या नजरेतून पुसला गेला असणार, आणि म्हणाले, ‘बॅब, तुला आधीच कळलं होतं.’

मी विचारलं, कशावरून?

‘ओरडली नाहीस,’ म्हणाले, आणि पुढच्या वर्षाची नाणी सुटी करून ठेवायची का, ते विचारलं.